तीन पत्ती येते, आता पोकर शिकायचंय: टेक्सास होल्डेमची सुरुवात कशी करावी?

पार्कचौक

मंडळी, नमस्कार. आम्ही सहाजण सोलापूरचे, त्यातले चौघे पुण्याला नोकरीला. गड्ड्याच्या यात्रेला सगळे गावी येतात आणि जुळे सोलापुरात एकाच्या घरी पत्त्यांची बैठक बसते. तीन पत्ती, रमी, मेंढीकोट सगळ्यांना पक्कं येतं. यंदा टेक्सास होल्डेम शिकायचं ठरलंय. पैसे लावायचे नाहीत, हे आधीच सांगतो.

व्हिडिओ बघितले, पण ते गृहीत धरूनच बोलतात की आपल्याला अर्धं माहिती आहे. माझे प्रश्न साधे आहेत. एक डाव पहिल्या पत्त्यापासून शेवटपर्यंत कसा चालतो आणि आधी कोणी बोलायचं? दोघांकडे सारखीच जोडी असेल तर कोण जिंकतं? कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा का? एकाचे चिप्स संपले तर तो डावातून बाहेर का? आणि चिप्सचा सेट घ्यावाच लागतो का?

इस्पिक_दश्शी

दादा, आधी सामानाचं बघू, कारण पहिल्या रात्री निम्मा गोंधळ सामानामुळेच होतो.

पत्त्यांचे दोन कॅट घ्या, पाठीचा रंग वेगवेगळा. एकाने वाटप चालू असताना दुसरा कॅट शेजारच्याने पिसून ठेवायचा. जोकर आणि जाहिरातीचा पत्ता काढून ५२ मोजून घ्या. पत्ते प्लॅस्टिकचेच घ्या. होल्डेममध्ये आपले दोन पत्ते हातात धरत नाहीत, खालीच ठेवून एक कोपरा उचलून बघतात. कागदी पत्त्याला त्या कोपऱ्यावर एका रात्रीत मोड पडते आणि मग एक्का पाठीवरूनच ओळखू येतो. शेंगाचटणीची ताटलीही बैठकीपासून लांब ठेवा. तेलाचं बोट पाठीला लागलं की तो पत्ता कायमचा खुणेचा झाला.

खाली बसणार असाल तर सोलापुरी चादर दुहेरी करून अंथरा. जाड सुती विणीवर बोटाचं टोक रुततं आणि पत्ता कोपऱ्यापासून हळूच उचलता येतो. गुळगुळीत फरशीवर तो उचलायला गेलं की उभाच राहतो आणि शेजाऱ्याला दिसतो. फक्त मोठ्या मोराची किंवा दाट नक्षीची चादर नको, तिच्यावर पडलेले चिप्स मोजता येत नाहीत. टॉवेल तर नकोच, त्याच्या फासांवर पत्ता सरकत नाही.

चिप्सचा सेट घेतलात तर सहाजणांना ३०० नगांचा भरपूर होतो. नसेल घ्यायचा तर शर्टाची बटणं तीन रंगांत आणा. आपल्या गावात गणवेशाची शिलाई एवढी आहे की बटणांचं दुकान शोधावं लागत नाही. प्रत्येकाला १ ची २०, ५ ची १६ आणि २५ ची ४ द्या. बेरीज २००. सहाजणांची मिळून २४० बटणं होतात, वर ५ ची तीसेक जादा ठेवा, सुट्टे करायला लागतात. शेंगदाणे किंवा फुटाणे चिप्स म्हणून वापरू नका, खेळता खेळता खाल्ले जातात आणि हिशोब बसत नाही.

आता डाव. वाटणाऱ्यासमोर एक खूण ठेवतात, तिला बटण म्हणतात. तुमच्याकडे चिप्सच बटणांचे असतील तर कॅरमची राणी ठेवा. दर डावाला ही खूण डावीकडे एक जागा सरकते. खुणेच्या लगेच डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, म्हणजे १. त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, म्हणजे २. या दोन रकमा पत्ते वाटायच्या आधीच टाकायच्या. तीन पत्तीत बूट सगळ्यांचा असतो, इथे दोघांचाच. तीन पत्तीतल्या ‘ब्लाइंड खेळण्याशी’ याचा काही संबंध नाही, इथे पत्ते सगळे बघतात.

वाटप स्मॉल ब्लाइंडपासून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, एकेक करून दोन फेऱ्या. मग चालीची पहिली फेरी. ती बिग ब्लाइंडच्या डावीकडच्यापासून सुरू होते. त्याच्यापुढे तीनच रस्ते: पॅक करणं (पत्ते सोडून देणं), २ देऊन कॉल करणं, नाहीतर वाढवणं. फिरत फिरत शेवटी बिग ब्लाइंडकडे येतं. कोणीच वाढवलेलं नसेल तरी त्याला वाढवायचा हक्क असतो. नवखे खेळाडू हे विसरतात आणि घाईघाईने पुढचे पत्ते उघडतात.

फेरी संपली की वरचा एक पत्ता न बघता बाजूला टाकायचा आणि तीन पत्ते मधे उघडे मांडायचे. हा फ्लॉप. पुन्हा चालीची फेरी. मग एक पत्ता बाजूला, एक उघडा, हा टर्न. पुन्हा फेरी. पुन्हा एक बाजूला, एक उघडा, हा रिव्हर. शेवटची फेरी. पत्ता बाजूला टाकतात त्याचं कारण असं की चालीची फेरी चालू असताना कॅटचा वरचा पत्ता सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो. त्याच्यावर एखादी खूण असली तर कोणालातरी पुढचा पत्ता आधीच कळेल.

फ्लॉपपासून पुढे मात्र सुरुवात खुणेच्या डावीकडे जो पहिला डावात उरलाय त्याच्यापासून. म्हणजे पहिल्या फेरीत ब्लाइंडवाले शेवटी बोलतात आणि नंतरच्या तिन्ही फेऱ्यांत सगळ्यात आधी. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं पोकर आलं.

आकड्यांत बघा. ब्लाइंड १ आणि २ पडले. तिसरा पॅक. चौथ्याने वाढवून ६ केले. पाचवा पॅक. खुणेवरच्याने ६ दिले. स्मॉल ब्लाइंड पॅक, त्याचा १ पॉटमध्येच, म्हणजे मधल्या ढिगात राहिला. बिग ब्लाइंडने आणखी ४ घालून ६ पूर्ण केले. पॉट १९. फ्लॉपवर बिग ब्लाइंड चेक, म्हणजे काही न टाकता पाळी पुढे. चौथ्याने १० लावले, खुणेवरचा पॅक, बिग ब्लाइंडचा कॉल. पॉट ३९. टर्नवर दोघांचं चेक. रिव्हरवर बिग ब्लाइंडने २० लावले, चौथ्याने कॉल केला. पॉट ७९. आता पत्ते आधी बिग ब्लाइंडने दाखवायचे, कारण शेवटच्या फेरीत चाल त्याची होती. शो मागायला वेगळे पैसे लागत नाहीत आणि साइड शो हा प्रकारच नाही.

हिशोबनीस

हातांच्या क्रमाबद्दल मी लिहिते. तीन पत्ती येणाऱ्याचा घोटाळा नेमका इथेच होतो.

वरून खाली क्रम असा: रॉयल फ्लश (एकाच रंगाचे दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची पाचाची ओळ), चार सारखे, फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी), फ्लश (पाचही एका रंगाचे), स्ट्रेट (पाचाची ओळ, रंग कुठलाही), तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता.

कलर, म्हणजे इथला फ्लश, सिक्वेन्सपेक्षा, म्हणजे स्ट्रेटपेक्षा मोठा का, तर जे दुर्मीळ ते मोठं. ५२ पत्त्यांतून पाच पत्ते २५,९८,९६० प्रकारे येऊ शकतात. त्यांत नुसते फ्लश ५,१०८ आहेत आणि नुसत्या स्ट्रेट १०,२००. तीनच पत्ते घेतले की चित्र उलटं होतं. एकूण २२,१०० प्रकार, त्यांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा आणि पोकरमध्ये फ्लश मोठा. दोन्हीकडचा क्रम आपापल्या जागी बरोबर आहे. (तीन पत्तीत ट्रेल ५२ प्रकारे येतो आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, म्हणजे तिथे खरं तर प्युअर सिक्वेन्स वर हवा होता. पोकरच्या क्रमात अशी गडबड नाही.)

एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी ही सगळ्यात लहान स्ट्रेट. दश्शी ते एक्का सगळ्यात मोठी. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी वळून आलेली ओळ चालत नाही.

आता सारखी जोडी. हात नेहमी पाच पत्त्यांचा धरायचा, तुमचे दोन आणि मधले पाच अशा सातांतून जे उत्तम पाच निघतील ते. तुमचे दोन्ही वापरा, एक वापरा, नाहीतर एकही नको. समजा मध्ये एक्का, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री आहेत, रंग वेगवेगळे. एकाकडे एक्का-राजा, दुसऱ्याकडे एक्का-राणी. दोघांची एक्क्यांची जोडी, मग पुढचा पत्ता बघायचा. राजा मोठा, पहिला जिंकला. या पत्त्याला किकर म्हणतात. आता मध्ये एक्का, राजा, गुलाम, नव्वी, चौकी आहेत. एकाकडे एक्का-सत्ती, दुसऱ्याकडे एक्का-पंजी. सत्ती मोठी म्हणून पहिला जिंकला असं वाटतं, पण दोघांचे उत्तम पाच पत्ते एकच आहेत: दोन एक्के, राजा, गुलाम, नव्वी. सत्ती आणि पंजी पाचांत बसतच नाहीत. पॉट निम्मा-निम्मा. सहावा-सातवा पत्ता कधीच मोजायचा नाही. यावरून पहिल्या रात्री हमखास वाद होतो.

इस्पिक मोठं, किलवर लहान असला रंगांचा क्रम पॉट ठरवताना नसतो. दोघांचा फ्लश असेल तर सगळ्यात मोठा पत्ता कोणाचा ते बघा, तो सारखा असेल तर पुढचा. पाचही सारखे म्हणजे वाटणी. वाटणीत एक चिप उरली तर ती खुणेच्या डावीकडून जो पहिला त्याला.

आणखी एक जागा फसवी आहे. तुमच्याकडे सत्ती-छक्की, फ्लॉप राजा-सत्ती-छक्की. दोन जोड्या, हात चांगला. टर्नला दुर्री, रिव्हरला दुसरा राजा. आता तुमच्या उत्तम दोन जोड्या राजा-राजा आणि सत्ती-सत्ती झाल्या, छक्कीची जोडी पाचांत राहिली नाही. समोरच्याकडे नव्वीची जोडी असेल तर त्याचा हात राजे आणि नव्व्या, तो जिंकला. फ्लॉपवर तो मागे होता. मधल्या पत्त्यांत जोडी पडली की आपला हात पुन्हा पहिल्यापासून वाचायची सवय लावा.

कन्नाचौक

कायद्याचं थोडक्यात, कारण हा प्रश्न निघणारच. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून सूट आहे आणि रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलंय. पोकरबद्दल तसं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावरच बंदी आहे, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यामुळे ‘ॲपवर थोडे पैसे टाकून शीक’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तुमचं बिनपैशाचं ठरलंय ते उत्तम, ते शेवटपर्यंत पाळा. जेवणाचं बिल हरणाऱ्याने द्यायचं असं ठरवलंत तर तीही पैजच झाली.

पार्कचौक

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम आणि किकर समजला. आता दोन गोष्टी अडतात. वाढवायचं ते किती? तीन पत्तीत चाल दुप्पट करता येते, तसं काही बंधन आहे का? आणि चिप्स संपल्याचं उत्तर राहिलं.

इस्पिक_दश्शी

आपण जे खेळतो त्या नो लिमिटमध्ये वरची मर्यादा नाही, समोर आहेत तेवढे सगळे लावता येतात. खालची मर्यादा आहे: आधीच्याने जेवढी वाढ केली, निदान तेवढी वाढ. लक्षात घ्या, वाढीएवढी, एकूण रकमेएवढी नाही. बिग ब्लाइंड २ असताना कोणी ६ केले, तर वाढ ४ ची. पुढच्याला वाढवायचं तर कमीत कमी १०. फ्लॉपवर एकाने १० लावले, दुसऱ्याने ३० केले, वाढ २० ची, म्हणून तिसऱ्याला निदान ५०.

चाल एका झटक्यात करायची. आकडा तोंडाने आधी सांगा, नाहीतर चिप्स एकदम पुढे सरकवा. दहा ठेवले, समोरच्याचा चेहरा बघितला, मग आणखी वीस ठेवले, हे चालत नाही. पहिले दहाच धरायचे. तोंडातून निघालेला आकडा पक्का. काही न बोलता २५ चं एकच मोठं बटण टाकलं आणि समोर चाल १० ची असेल तर तो कॉल समजतात, बाकीचे १५ परत. चिप्स मधल्या ढिगात फेकू नका, आपल्यासमोर ठेवा, फेरी संपल्यावर वाटणाऱ्याने आत ओढायचे. नाहीतर कोणी किती टाकले ते कळायला मार्ग उरत नाही.

चिप्स संपले तर डावातून बाहेर जायचं नाही. जेवढे आहेत तेवढे लावून, म्हणजे ऑल इन होऊन, शेवटपर्यंत बसता येतं. फक्त त्याला प्रत्येकाकडून स्वतःएवढेच मिळतात. समजा अ कडे ४०, ब कडे १००, क कडे २००. दोन्ही ब्लाइंड पॅक झालेत, त्यांचे ३ पॉटमध्ये आहेत. अ ने ४० लावले, ब ने सगळे १०० लावले, क ने १०० दिले. आता प्रत्येकाकडून ४० घेऊन एक ढीग करा: १२० आणि ते ३, मिळून १२३. हा मुख्य पॉट, यात तिघांचा हक्क. ब आणि क चे उरलेले ६०-६०, म्हणजे १२०, हा बाजूचा पॉट, फक्त त्या दोघांचा. उघडताना बाजूचा पॉट आधी निकालात काढायचा. अ चा हात सगळ्यात मोठा निघाला तर त्याला १२३ आणि १२० हे ब आणि क पैकी ज्याचा हात मोठा त्याला. क चे उरलेले १०० त्याच्यासमोरच राहतात. ढीग वेगळे करायचा कंटाळा केला की पुढच्या फेरीत क आणि आणखी कोणी चाल केली तर ती कुठल्या पॉटची ते कोणालाच सांगता येत नाही. ढीग त्या त्या फेरीतच वेगळे करा.

वाटपात चुका होतात, त्याही आधीच ठरवून ठेवा. वाटताना पहिल्याच माणसाचा पत्ता उलटला तर पुन्हा वाटा. पुढे कोणाचा एखादा उलटला तर वाटप पूर्ण करा, त्याला कॅटचा वरचा पत्ता द्या आणि उलटलेला पत्ता फ्लॉपआधी बाजूला टाकायचा पत्ता म्हणून वापरा. दोन किंवा जास्त उलटले तर डाव रद्द. फ्लॉपला तीनाऐवजी चार पत्ते उघडले तर चारही पालथे करून मिसळा, एक काढून पुढचा बाजूला टाकायचा पत्ता म्हणून ठेवा, उरलेले तीन हाच फ्लॉप.

पिसण्याबद्दलही. आपण हातात धरून वरचेवर पत्ते खाली सोडत पिसतो, त्यात पत्ते जोडीजोडीने चिकटूनच राहतात. मागच्या डावाचे पाच पत्ते एकत्र गोळा केलेले असतात, ते तसेच गटाने परत येतात. आधी सगळे पालथे चादरीवर पसरून दोन्ही हातांनी गोल फिरवा, मग पिसा, मग उजवीकडच्याला कापायला द्या.

सातरस्ता

नियम कळले तरी कुठले पत्ते घेऊन बसायचं हे सांगितलं नाही तर सहाहीजण प्रत्येक डावात फ्लॉप बघत बसतील. तीन पत्तीत बसून राहायची सवय असते, ती इथे महागात पडते.

सहाजणांत खेळताना पाच-सात डावांपैकी एखाद्या-दुसऱ्या डावातच चिप्स लावावेत, बाकी सरळ पॅक. ज्याच्यामागे अजून चार-पाचजण बोलायचे आहेत त्याने फक्त सत्तीच्या वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी आणि एका रंगाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी एवढेच खेळावेत. खुणेवर बसलेला किंवा त्याच्या आधीचा असेल आणि त्याच्याआधी बोललेल्या सगळ्यांनी पॅक केलं असेल तर पसारा वाढवता येतो: कुठलीही जोडी, एका रंगाचा एक्का आणि कुठलाही पत्ता, एका रंगाचे दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी. जागेप्रमाणे पत्ते बदलतात कारण खुणेवरचा पुढच्या तिन्ही फेऱ्यांत सगळ्यांचं बघून मग बोलतो. तोच हात आधी बोलणाऱ्याला तोट्याचा आणि शेवटी बोलणाऱ्याला फायद्याचा ठरतो.

‘दोन्ही एका रंगाचे आहेत’ या आशेवर बसू नका. एका रंगाचे दोन पत्ते असताना फ्लॉपलाच फ्लश लागायची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे आणि रिव्हरपर्यंत थांबलात तरी साडेसहा टक्क्यांच्या आत. किलवरचे गुलाम-तिर्री हे पॅक करायचेच पत्ते आहेत. लहान जोडी हातात असेल तर फ्लॉपवर तिसरा सारखा पत्ता साधारण साडेआठ डावांत एकदा येतो. नाही आला आणि समोरून मोठी चाल आली की सोडून द्या.

खेळायचं ठरवलं तर नुसता कॉल न करता वाढवून आत या, बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट. एक्क्यांची जोडीसुद्धा एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण पाचहीजण शेवटपर्यंत थांबले तर निम्म्याच्या आसपास. चांगला हात असताना गर्दी कमी करणं हेच वाढवण्याचं काम. फ्लॉपनंतर चाल पॉटच्या मापाने करा, निम्मा ते दोन तृतीयांश. ४० च्या पॉटमध्ये २ ची चाल टाकली तर कोणीच पॅक करणार नाही, तसं करण्यात काही अर्थ नाही.

हिशोबनीस

सातरस्तांच्या बोलण्याला हिशोबाची जोड देते. कॉल करायचा की नाही हे मनाच्या कलावर सोडायचं नसतं.

टर्न उघडलाय, तुमच्याकडे बदामचे दोन, मध्ये बदामचे दोन. पाचवा बदाम आला तर फ्लश. बदाम एकूण १३, चार दिसले, उरले ९. न दिसलेले पत्ते ५२ वजा ६, म्हणजे ४६. शक्यता ९ भागिले ४६, १९.६ टक्के. तोंडी करायचं तर उपयोगाच्या पत्त्यांना २ ने गुणा: १८. फ्लॉपवर असाल आणि दोन पत्ते यायचे असतील तर ४ ने गुणा: ३६, खरं उत्तर ३५. दोन्ही टोकांनी उघडी स्ट्रेट असेल, म्हणजे हातात आणि मध्ये मिळून छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी, तर उपयोगाचे पत्ते ८. मधला एकच पत्ता हवा असेल तर फक्त ४, टर्नवर नऊ टक्क्यांहूनही कमी.

आता किंमत बघा. पॉटमध्ये ६० होते, समोरच्याने ३० लावले. तुम्ही ३० दिले तर पॉट १२०. १२० पैकी ३० तुमचे, म्हणजे तुम्हाला निदान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. शक्यता २० च्या आसपास आहे. हा कॉल तोट्याचा. तीच चाल १० ची असती तर पॉट ८० झाला असता, हवे होते १२.५ टक्के, आणि कॉल बरोबर ठरला असता. पत्ते तेच, फक्त किंमत बदलली. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी मोठी रक्कम देईल अशी खात्री असेल तर थोडा महाग कॉलही चालतो, पण त्याच्याकडे चिप्स उरलेत का ते आधी बघा.

४ ने गुणायची सूट फक्त तेव्हाच, जेव्हा टर्नवर पुन्हा चाल द्यावी लागणार नाही, म्हणजे कोणी ऑल इन असेल. नाहीतर फ्लॉपवर ३५ टक्के धरून कॉल करता आणि टर्नवर दुसरी चाल आली की पॅक करता, मग ३५ टक्क्यांतलं निम्मं वाया जातं. आणखी एक: मध्ये जोडी पडली असेल तर समोरच्याकडे फुल हाऊस असू शकतो. तेव्हा तुमचे ९ पत्ते खरे ९ राहत नाहीत.

सरावासाठी पहिल्या बैठकीत दहा-बारा डाव सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळा. दर फेरीला एकाने उपयोगाचे पत्ते मोजून सांगायचे, दुसऱ्याने पॉटची किंमत.

पार्कचौक

उघड्या पत्त्यांची कल्पना आवडली, तशीच सुरुवात करू. शेवटची शंका. पैसे नसले की सगळे ‘चल, काय जातंय’ म्हणून कॉल करत सुटतील. त्यावर काय करायचं?

इस्पिक_दश्शी

स्पर्धेसारखं खेळा. प्रत्येकाला २०० एकदाच, संपले की तो बाहेर, परत विकत घेणं नाही. बाहेर पडलेल्याला बसून बघावं लागतं, तेवढ्यानेच कॉल आवरतात. ब्लाइंड दर २० मिनिटांनी वाढवा: १-२, २-४, ३-६, ५-१०, १०-२०, १५-३०, २५-५०. एकूण चिप्स १,२०० आहेत, त्यामुळे सव्वादोन-अडीच तासांत निकाल लागतो. वेळ मोबाईलवर लावा आणि वाढ पुढच्या डावापासून धरा, चालू डावात नाही. ५-१० सुरू झालं की १ ची बटणं गोळा करून ५ च्या बदल्यात काढून टाका, मोजणीचा वेळ वाचतो. यात्रेच्या दिवसांत दोन-तीन बैठका होत असतील तर नंबराप्रमाणे गुण द्या, पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, चौथ्याला २. तक्ता भिंतीवर लावला की तिसऱ्या-चौथ्या नंबरासाठीसुद्धा जपून खेळतात.

शेवटी दोघेच उरले की एक नियम बदलतो, तो तेव्हा आठवत नाही म्हणून आत्ताच लिहून ठेवा. ज्याच्यासमोर खूण आहे तोच स्मॉल ब्लाइंड टाकतो. पहिल्या फेरीत तो आधी बोलतो आणि फ्लॉपपासून पुढे शेवटी.